पूजेला बसलेलं धनुष्य

पिशवी रिकामी होती. म्हणजे तशी अगदीच रिकामी नव्हती. बाण होते, बोटांना लावायची चामड्याची पट्टी होती, दोरीला चोळायच्या मेणाची वडी होती. फक्त धनुष्य नव्हतं. दुकानातून घरी आले, चपला काढल्या, चहाचं आधण ठेवलं आणि रोजच्या सवयीनं दाराआडच्या लांब पिशवीवरून हात फिरवला, तर हाताखाली टणक असं काही लागलंच नाही, नुसतं कापड आत गेलं. तो मऊपणा माझ्या तळहाताला अजून जाणवतो. चहा उतू गेला, गॅस विझला आणि मी तिथंच पिशवी पोटाशी धरून उभी. चोर म्हणावा तर त्यानं मिक्सर नेला असता, देवाची चांदीची समई नेली असती. सांगलीतल्या कुठल्या चोराला धनुष्य लागतं? खालच्या मजल्यावरच्या मयूरीकडं मी किल्ली ठेवते. ती म्हणाली, "अहो, तुमचे सासरे येऊन गेले ना दुपारी. चष्म्याचं काम होतं म्हणाले. जाताना टॉवेलात गुंडाळून काहीतरी लांबडं नेलं, मला वाटलं ऊस असेल." सांगलीतून माझ्या सासरी, उसातल्या कुंडलला, ऊस नेणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि चष्म्याचं काम म्हणावं, तर चष्म्याच्या दुकानात दिवसभर मीच बसलेली असते. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, नाकावर आहे तो चष्मासुद्धा मीच करून दिलेला. म्हणजे मी घरी नसेन अशी वेळ बघून ते आले होते.

मी फोन लावला. मामांनी दोनदा वाजू दिला आणि मग सावकाश उचलला. "व्हय, न्हेलं की. परवा खंडेनवमी न्हवं का? घरात शस्त्र आसून पूजेला न्हाई, आसं आमच्यात कवा झालंय?" आवाजात चोरी नव्हती, उलट कौतुक होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. "मामा, एकादशीला साताऱ्यात स्पर्धा हाय माझी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मला लागणार हाय ते." पलीकडं म्हैस ओरडली. मग माझ्या फौजेतल्या नवऱ्याचं नाव पुढं करून म्हणाले, "बघू की. शंभू बी येतोय रजेवर, तू बी ये." हे 'बघू की' आमच्या घरातलं सगळ्यात जुनं शस्त्र आहे. त्याला धार लावावी लागत नाही आणि त्याची पूजाही होत नाही. माझं लग्नानंतर खो-खो खेळणं 'बघू'त गेलं. साताऱ्यात लागणारी नोकरी 'बघू'त गेली. स्कूटर शिकायची म्हटलं तर 'बघू', मग मी न सांगता शिकले आणि घरी गेले तेव्हा स्कूटरवरूनच गेले. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. 'बघू' म्हणणाऱ्याशी भांडायला गेलं की आपणच आक्रस्ताळ्या ठरतो.

धनुष्य माझ्या आयुष्यात आलं ते एका गिऱ्हाइकाबरोबर. पद्माताई मूळच्या वाईच्या, मुलींच्या शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेले आणि पायात कॅनव्हासचे बूट. दुकानात येऊन म्हणाल्या, "वाचायचा नको. लांबचा द्या. बाण कुठं लागला ते मला उभ्या जागेवरून दिसलं पाहिजे." मी हसले. म्हणजे कुचेष्टेनं नाही, उगाचच. त्या हसल्या नाहीत. चष्मा न्यायला आल्या तेव्हा त्यांनी मला हात लांब करायला सांगितलं, दोन्ही तळव्यांच्या फटीतून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लावलं, एक डोळा मिटा, आता दुसरा मिटा, आणि म्हणाल्या, "दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासता. स्वतःचा कुठला डोळा नेम धरतो ते माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. पस्तिशी ओलांडली होती, नवरा अरुणाचलात, घरी मी आणि टीव्ही. हरिपूरच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या शाळेचं मैदान होतं, तिथं त्या चार-सहा मुलींना आणि आता मला शिकवायला लागल्या. आधी बाण नाहीच. नुसतं रबर ओढायचं, उभं राहायचं, श्वास सोडायचा. मग एके दिवशी त्यांनी एक लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं बाहेर वळलेलं धनुष्य, माझ्या हातात दिलं, दोरी उतरवलेलं. दुर्बीण नाही, नेम धरायची खूण नाही, एकसंध लाकूड आणि त्यावर काचेच्या धाग्याचा थर.

मी ते धरलं आणि दोरी चढवायला गेले, तर पद्माताईंनी हातावर चापट मारली, अगदी शाळेतल्यासारखी. "चित्रातलं धनुष्य डोक्यातून काढा आधी. हे उतरवलं की उलट्या बाजूला वाकून बसतं. तुम्ही ते आहे तसंच, वाकलंय त्याच बाजूनं आणखी दाबून बांधायला निघालात. तसं बांधणं सोपं जातं. दिसतंही कॅलेंडरवरच्या देवाच्या धनुष्यासारखं. पण तसं बांधलं की वरची-खालची पाती पिळतात, आणि कुणी जोरात ओढलं तर तुकडे तोंडावर येतात. याला याच्या मोडीविरुद्ध आणायचं असतं. मग त्याच्यात जोर येतो." मोडीविरुद्ध हा शब्द मी त्या दिवशी घरी घेऊन आले. रात्रीची भाजी चिरताना तो मनात होता, झोपतानाही होता. मला कधी कुणी मोडीविरुद्ध वाकवलंच नव्हतं. मी मुळातच ज्या बाजूला झुकलेली होते, म्हणजे जमवून घेण्याच्या, गप्प बसण्याच्या, त्याच बाजूला सगळ्यांनी आणखी थोडं थोडं दाबलं होतं, आणि सगळ्यांना ते सोपं गेलं होतं. पुढं वर्षभरानं ते धनुष्य मी पद्माताईंकडून माझ्यासाठी घेतलं आणि माहेरी, सासरी कुणालाही विचारलं नाही.

सुरुवातीला दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या बाजूला फटका बसतो. कोपर जरा आत वळलेलं राहिलं की सट्कन. पहिल्यांदा डोळ्यात पाणी आलं, मग तिथं काळंनिळं झालं, मग हिरवट, मग पिवळं, आणि पिवळं जायच्या आत पुन्हा काळं. हातावर बांधायची पट्टी असते, पण पट्टीच्या वर लागलं तर ती काय करणार. दुकानात चष्मा घालून बघणाऱ्या बायकांची नजर आधी आरशात जायची आणि मग माझ्या हाताकडं. एकदा मयूरीनं मला जिन्यात गाठलं, हात हातात घेतला, इतक्या मायेनं की माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी घेतला नसेल, आणि म्हणाली, "वहिनी, मारतात का हो?" माझा नवरा त्या वेळी अरुणाचलात. त्याचा हात किती लांब आहे असं हिला वाटत होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "नाही गं, धनुष्याची दोरी लागते." तिनं हात सोडला. चेहऱ्यावरची माया ओसरली आणि तिथं एक वेगळंच काहीतरी आलं, थोडी भीती, थोडं नाक मुरडणं. मला तेव्हा इतका राग आला. मार खाणारी बाई या जिन्यात सगळ्यांच्या ओळखीची होती, तिच्यासाठी शब्द तयार होते, हळदीचा लेप तयार होता. बाण मारणाऱ्या बाईसाठी कुणाकडं काही नव्हतं. त्या दिवसापासून मी बाह्या ओढून हात झाकायचं सोडून दिलं. बघा म्हटलं, पोटभर बघा.

नवमीच्या सकाळी एस्टीत बसले. मांडीवर पिशवी, तिच्यात नुसते बाण. पलूस येईपर्यंत खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस, फटफट्यांना, ट्रॅक्टरांना, पाण्याच्या टँकरलासुद्धा झेंडूच्या माळा. मला का कोण जाणे, मामांनी मला पहिल्यांदा बघितलं तो दिवस आठवत राहिला. साताऱ्याला आमच्या घरी माणसं आली होती. कुणी स्वयंपाकाचं विचारलं, कुणी शिक्षणाचं. मामा म्हणजे सुभेदार नानासो, फौजेतून नुकतेच आलेले, मिशी पिळलेली, ते काही बोललेच नाहीत. पोहे संपल्यावर उठून गॅलरीत गेले आणि मला हाक मारून म्हणाले, "पोरी, हिकडं ये. लांबचं दिसतं का तुला? त्यो ट्रक उभा हाय, त्याचा नंबर वाच बगू." ट्रक पार पोवई नाक्याच्या अंगाला उभा. मी घडाघडा वाचला. त्यांनी शंभूराजला खाली पाठवून नंबर बरोबर आहे का ते बघून यायला लावलं, आणि नवरा मुलगा बिचारा नव्या बुटात पळत गेला. बरोबर होता. मामा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगीची नजर चांगली हाय. पसंत." मी त्या वेळी लाजले नव्हते, मला गंमत वाटली होती. कुणीतरी माझ्यातलं असं काही बघितलं होतं, जे मी रांधण्यानं किंवा रंगानं मिळवलेलं नव्हतं. आणि तोच माणूस आता टॉवेलात गुंडाळून माझं धनुष्य घेऊन गेला होता. म्हणूनच मला त्यांचा नुसता राग करता येत नव्हता, आणि ते जास्तच जड जात होतं.

अंगणात शिरले तर ट्रॅक्टर धुऊन पुसून उभा. त्याच्या तोंडावर झेंडूची जाडजूड माळ, आणि माळ बांधलीय ती माझ्या हिरव्या नायलॉनच्या दोरानं. तो दोर धनुष्याच्या दोन्ही टोकांना अडकवून, मध्ये पाय देऊन, दोरी नीट चढवायला असतो. पिशवीच्या बाहेरच्या खिशात होता, तोही आणला होता म्हणायचा. त्याला सात गाठी. मग सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, नजर गेली. चौरंगावर मामांच्या आज्याची तलवार, तिच्या शेजारी कोयते, खुरपी, नटबोल्टचे पाने, ट्रॅक्टरची चावी, सगळ्यांवर हळदकुंकू. आणि मधोमध, भिंतीला टेकवून, उभं केलेलं माझं धनुष्य. त्याला दोरी चढवलेली. उलटी. टोकं माझ्याकडं वळून आत घेतलेली, पोट फुगलेलं, अगदी कॅलेंडरवरच्या देवाच्या हातात असतं तसं गोल गरगरीत. मुठीवर कुंकवाची पाच बोटं, दोरीला हार. मी दाराच्या चौकटीला धरलं. मला त्या पात्यांमधला ताण दिसत होता, वरच्या पात्याला आलेला तिरकसपणा दिसत होता. ते कालपासून असं उभं होतं, आत कुठंतरी लाकूड आणि काचेचा थर एकमेकांवरून सरकत असणार आणि वर ताजा झेंडू.

"बघ कसं शोभतंय!" मामा म्हणाले. कडक इस्त्रीचं धोतर, फेटा, आणि भोवती भावकीतली माणसं, त्यात चुलत सासरे गुंडातात्याही होते. "दोरी निघाली हुती. म्हटलं दोरीबिगर धनुष्य म्हंजे नुसती काठी. चढवली मी. लय सोपं हाय, जरा दाबलं की बसली." सोपं जाणारच होतं. मी म्हटलं, "मामा, ते उलटं बांधलंय. पाती पिळतील. मी सरळ करून ठेवते." मामांचा चेहरा बदलला नाही, फक्त आवाज जरा वर गेला. "शस्त्र मला शिकवू नगो. निम्मी जिंदगी बंदूक उशाला घिऊन काढलीय. आन् आता हात लावायचा न्हाई, पूजेला बसलंय ते. उद्या शिवंवर न्हेताना उचलायचं." मग भावकीकडं वळून, "सुनंनं आमच्या देवाला दिलं बरं का. आता हे तलवारीशेजारी देव्हाऱ्यातच. दरवर्षी पूजा हुईल." गुंडातात्या म्हणाले, "म्हंजे घरानं नाव काढलं म्हणा की." आणि सगळे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले. मला तेव्हा कळलं की हे चुकून झालेलं नाही. उलटं बांधणं चुकून झालं होतं, पण देव्हाऱ्यात बसवणं चुकून झालं नव्हतं. कुणी ते मोडून टाकलं असतं तर मी बोंब मारली असती. पूजेला बसवलं की बोंब मारायची सोय राहत नाही. हीच रीत आहे आपल्याकडं. जिला गप्प करायचं तिला आधी हार घालायचा.

दुपारभर मी पुरण वाटत बसले. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्राबाई, चुलीपाशी पोळ्या भाजत होत्या. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "काय गं बाई हे. शंभ्यानं बघितलं तर काय म्हणंल?" मी म्हटलं, "बघितलंय की त्यांनी." शंभूराज अष्टमीला रात्री पोचला होता. त्यानं हात बघितला, बोटानं जरा दाबला, विचारलं, "दुखतंय?" मी नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग ओढ की. आमच्याकडं खांद्याला बंदुकीचा दांडा लागून आसंच हुतंय." तेवढ्यानं मला बरं वाटलं होतं. पण आता मागच्या परड्यात गाठून त्याला म्हटलं की आत्ताच्या आत्ता मामांशी बोला, तर तो मान खाजवत म्हणाला, "आत्ता माणसं हायत गं. उद्या बघू." बघू! सीमेवर ज्याला बर्फात उभं राहायची भीती वाटत नाही, त्याला सोप्यात बापासमोर उभं राहायची वाटते. आत्ती म्हणाल्या, "आगं, देवाजवळ हाय ते. कोन न्हेतंय? कौतुकच करत्यात तुजं." त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. मी पुरण वाटत राहिले आणि कानात सारखी एक बारीक करकर ऐकू येत होती. ती पाट्याची होती की माझ्या मनातली, मला सांगता येणार नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आत्ती, तुमचं उलथनं नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं तर?" त्या हसायला लागल्या. मग हसता हसता थांबल्या, पोळी उलटायची राहिली आणि करपली.

दसऱ्याच्या दुपारी पालखीचे ढोल वाजायला लागले. आमच्यात पुरुषमाणसं पालखीबरोबर गावाच्या शिवेवर जातात, आपट्याच्या फांद्यांची पूजा करतात, सोनं लुटतात, आणि बायका दारात ताट घेऊन थांबतात. माहेरीही असंच होतं. लहानपणी वडील परत यायचे तेव्हा त्यांच्या बुटाला शिवेवरची लाल माती असायची, मी ती बोटानं पुसून वास घ्यायचे, शिव म्हणजे काय असते ते त्या वासावरून ठरवायचे. मामांनी नमस्कार करून तलवार उचलली. मग धनुष्य उचललं आणि शंभूराजच्या हातात दिलं. "धर. तू घिऊन चल." शंभूराजनं ते धरलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. अंगणात भावकी जमलेली, पोरंसोरं ट्रॅक्टरवर चढलेली. गुंडातात्या म्हणाले, "आरं ओढ की गड्या जरा, बघू तरी फौजीचा हात!" आणि माझ्या नवऱ्यानं, जो कुणालाच नाही म्हणत नाही, दोरीला बोटं लावली.

एक क्षण मी काही बोलले नाही. तो क्षण मला लपवायचा नाही. माझ्या मनात आलं, ओढू दे. मोडू दे. सगळ्यांसमोर तुकडे होऊ देत, मग बघते कोण कुणाला शस्त्र शिकवतो ते. पण तोंडावर तुकडा येणार होता तो शंभूराजच्या, आणि धनुष्य माझं होतं. "सोडा!" मी ओरडले. ढोलाच्या वर माझा आवाज गेला. "बोटं काढा तिथनं. मोडंल आन् डोळा जाईल." मी पायरी उतरून गेले आणि त्याच्या हातातून ते घेतलं. त्यानं दिलं, पटकन दिलं, जरा सुटल्यासारखाच वाटला. मामा पुढं आले. "शिवांजली, पूजेचं हाय त्ये." पोरी नाही, सूनबाई नाही, शिवांजली. मी धनुष्य छातीशी धरलं. "मामा, कोयता उद्या उसात जाणार का न्हाई? ट्रॅक्टर रानात जाणार का न्हाई? त्यांची पूजा केली म्हणून त्यांना कुणी देव्हाऱ्यात कोंडत न्हाई. मग माझंच का? मी देवाला काय दिलेलं न्हाई. तुमी टॉवेलात गुंडाळून आणलंय." सगळं अंगण ऐकत होतं. मला माहीत होतं की हे शब्द परत घेता येणार नाहीत, आणि मला ते घ्यायचेही नव्हते.

हिरवा दोर ट्रॅक्टरला सात गाठींनी बांधलेला. तो सोडत बसले असते तर धीर सुटला असता. दुसरी एक पद्धत असते, पाय घालून चढवायची, पद्माताईंना ती मुळीच आवडत नाही, पण नाइलाज असला तर चालते. मी आधी उलटी दोरी उतरवली. धनुष्य सुटं झालं आणि आपल्या मूळच्या बाजूला सैल पडलं. मग पदर खोचला, काठाच्या साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत वर घेतल्या, उजवा पाय धनुष्य आणि दोरीच्या मधून घातला. "आगं बाई, माणसं हायत!" आत्ती दारातून म्हणाल्या. असू देत. खालचं टोक डाव्या पावलावर अडकवलं, मूठ मांडीच्या मागं घेतली आणि वरचं पातं पुढं रेटायला लागले. ते येईना. दोन दिवस त्याला उलटी सवय लावलेली. माझा श्वास, ढोल, कपाळावरून डोळ्यात उतरणारा घाम, आणि गुडघ्याकडं बघणाऱ्या सगळ्यांच्या नजरा. मी आणखी रेटलं. आणि ते आलं, मोडीविरुद्ध आलं, फास खाचेत बसला. टोकं बाहेर वळलेली, पोट आत, जसं असायला हवं तसं. अंगणातल्या कुणालाच ते धनुष्य ओळखीचं वाटलं नसेल. मी निऱ्या सोडल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पालखीच्या मागं चालायला लागले. कुणी अडवलं नाही. अडवायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं, कारण आजवर कुणी निघालंच नव्हतं.

शिवेवर कालव्याचा मातीचा भराव आहे. तिथवर मी एकटीच बाई चालत होते आणि हाताला सारखं जाणवत होतं की दोरी मधोमध बसलेली नाही, वरच्या पात्याला पीळ राहिलाय. हे धनुष्य ओढलं तर टिकेल का हे मला ठाऊक नव्हतं. उद्या साताऱ्यात ओढून बघायचं म्हणजे तिथं पहिल्याच बाणाला घरी यायची तयारी ठेवायची. पूजा झाली, सोनं लुटलं. गुंडातात्यांनी एक नारळ उचलला, भरावाच्या अंगाला खाचेत ठेवला आणि परत येऊन म्हणाले, "सूनबाई, सरळ तर केलं. आता नुसतंच मिरवायचं, का बाण बी सुटतोय?" पुढं माती, माणसं सगळी माझ्या मागं. मी बाण लावला. ओढायला लागले तेव्हा वरच्या पात्यातून बारीक करकर आली, ही मात्र मनातली नव्हती. "ऱ्हाऊ दे," शंभूराज हळूच म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. मी हनुवटीला बोट टेकेपर्यंत ओढलं, आणि सोडलं.

बाण डावीकडं गेला. बराच डावीकडं, मातीत. कुणीतरी हसलं. गुंडातात्या म्हणाले, "देव्हाऱ्यातच बरं हुतं म्हणायचं." आणि मग मागून एक आवाज आला, सासऱ्याचा नव्हे, सोप्यातला नव्हे, कुठल्या तरी माळावर जवानांच्या मागं उभं राहून दिलेला, कोरडा आवाज. "डावीकडं दोन हात. उंची बराबर." मामा भरावाकडं बघत होते, डोळे बारीक करून, मी केलेल्या चष्म्यातून. तोंडातून निघून गेलं ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मी विरघळले वगैरे नाही. त्यांनी माझ्या घरात माझ्या पाठीमागं येऊन धनुष्य नेलं होतं, आणि त्यांनी त्याबद्दल अजून एक शब्द काढला नव्हता. पण सांगितलं ते खरं होतं. धनुष्य पिळलं होतं, आता ते असंच राहणार, दर बाणाला डावीकडं फेकणार. खूण नाही की ती सरकवावी, दुर्बीण नाही की ती फिरवावी. आहेत ते डोळे. मी दुसरा बाण लावला. नारळाकडं बघायचं सोडून दिलं. त्याच्या उजवीकडं दोन हातांवर नुसती माती होती, तिथं बघितलं, आणि सोडला.

टक् असा आवाज झाला. नारळ बाण घेऊनच भरावावरून घरंगळत खाली आला. ढोलवाल्यांतला एकजण काही न सुचून एकदा ढोलावर टिपरू मारून थांबला. मामांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि माझ्याजवळ आले. त्यांनी धनुष्याला हात लावला नाही. हात मागं बांधून वरच्या पात्याकडं बराच वेळ वाकून बघत राहिले.

"पिळलंय," ते म्हणाले.

"व्हय."

"साताऱ्यात बी डावीकडंच जाणार."

"जाऊ दे की. मी उजवीकडं बघीन. सकाळच्या एस्टीनं निघणार हाय." मग मी तेही म्हटलं, म्हणायचंच होतं. "पुढच्या खंडेनवमीला मीच आणून ठेवीन, मामा. आन् मीच उचलीन."

त्यावर ते 'बघू'सुद्धा म्हणाले नाहीत. नारळाकडं बघून म्हणाले, "येवढं हितनं दिसलं तुला?"

मी धनुष्य खांद्याला अडकवलं आणि माझे बाण काढून आणायला भरावाकडं निघाले.

"लांबचं मला पहिल्यापासनं दिसतंय, मामा," मी मागं न बघता म्हटलं. "तुमीच तर तपासून आणलीय."